झाकणाच्या साच्यातला दुधाचा पाव: प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

या प्रकल्पात एकच पाव करायचा आहे, पण नीट. जपानी शोकुपान: चौकोनी, पातळ सालीचा, काप ओढला की उभे धागे सुटत जावेत असा. भाजल्या दिवशी घरचा कुठलाही पाव मऊच लागतो, त्यात फारसं कौतुक नाही. माझी अट तिसऱ्या दिवसाची आहे. तिसऱ्या दिवशी न शेकता, नुसता, आवडीने खाता आला पाहिजे. म्हणून प्रत्येक पावाची नोंद दोनदा होईल, कापल्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आज फक्त साचा मोजला. जपानी बेकर गोळ्याचं वजन साच्यावरून ठरवतात, आणि मला ही सवय फार पटते. साच्यात किती मिलिलिटर पाणी मावतं, त्याला गोळ्याच्या वजनाने भागायचं. झाकण लावून भाजायच्या पावाला हा भागाकार ४ च्या आसपास ठेवतात. उघड्या साच्यात वर फुगू द्यायच्या पावाला त्याहून कमी. आकडा फार मोठा झाला तर गोळा कोपऱ्यांपर्यंत पोचत नाही, फार लहान झाला तर झाकणाला दाबला जाऊन पावाची आतली जाळी घट्ट होते.

साच्याला आतून पातळ प्लास्टिक अंथरलं, काट्यावर ठेवला आणि काठोकाठ पाणी भरलं. १७०० ग्रॅम. भागिले ४, म्हणजे ४२५ ग्रॅमचा गोळा. हाताला आणि भांड्याला थोडं चिकटतंच, म्हणून ४३० चं गणित करायचं. जपानमध्ये पाव 'किन' या मापाने विकतात आणि एका किनचा पाव किमान ३४० ग्रॅमचा असावा लागतो. ४२५ चा गोळा भाजून, गार होऊन ३८० च्या आसपास उतरेल. म्हणजे हा साचा एका किनचा.

१३ जानेवारी

प्रमाण ठरवलं. मैदा १०० धरून बाकीचं टक्क्यांत: उकडीसाठी पाणी २०, दूध ५२, साखर ८, बटर ८, मीठ १.८, इन्स्टंट यीस्ट १.२. बेरीज १९१. ४३० ला १.९१ ने भागलं की मैदा २२५ ग्रॅम येतो. म्हणजे उकडीत ४५ ग्रॅम मैदा आणि ४५ ग्रॅम उकळतं पाणी, उरलेला मैदा १८०, दूध ११७, साखर १८, बिनमिठाचं बटर १८, मीठ ४, यीस्ट पावणेतीन ग्रॅम.

साखर ८ टक्क्यांवर मुद्दाम थांबवली आहे. साखर वाढत गेली की ती पाणी स्वतःकडे ओढून घेते आणि साध्या यीस्टचा वेग पडतो. १० टक्क्यांच्या पुढे जायचं तर जास्त साखर सोसणारं वेगळं यीस्ट घ्यावं.

मैद्याबद्दल. पाकिटावर प्रथिनं १०० ग्रॅमला १२ ग्रॅम लिहिलेली आहेत, ती या पावाला योग्य. जपानमध्ये पावासाठी जो 'क्योरिकिको' वापरतात त्यात साधारण साडेअकरा ते तेरा टक्के प्रथिनं असतात. ज्यांच्या हाताशी १० टक्क्यांचाच मैदा आहे त्यांनी ग्लुटेनची पूड मिसळावी. तिच्यात सुमारे ७५ टक्के प्रथिनं असतात. २२५ ग्रॅम मैद्यातला ७ ग्रॅम काढून तितकीच पूड घातली की मिश्रण १२ टक्क्यांवर येतं. ही पूड पाणी पुष्कळ पिते, तेव्हा दूध ८-१० ग्रॅम वाढवायचं.

१४ जानेवारी, रात्री

उकड करून ठेवली. जपानी नाव युदाने. कृती दोन मिनिटांची आहे, पण तिच्यात सगळं तापमानावर चालतं. गव्हाचा स्टार्च ६० अंशांच्या आसपास फुगायला लागतो, पाणी आत ओढून घेतो आणि जिलेटीनसारखा होतो. कच्चा स्टार्च थंड पाण्यात आपल्या वजनाच्या मानाने अगदी थोडंच पाणी धरतो, शिजलेला त्याच्या कितीतरी पट धरतो. म्हणून पाणी उकळतंच हवं, 'चांगलं गरम' पुरत नाही. एवढ्याशा पाण्याची उष्णता भांडंच खाऊन टाकतं, म्हणून भांडं आधी गरम पाण्याने विसळून घेतलं. मैद्यावर पाणी ओतून लाकडी चमच्याने जोरात घोटल्यावर थर्मामीटर ६९ वर थांबला. गार भांड्यात हाच आकडा ६० च्या खाली सहज येतो आणि मग हाती नुसता ओला मैदा राहतो.

उकडीचं वजन पुन्हा केलं. वाफेत ४ ग्रॅम गेले होते. तेवढं पाणी परत घालून घोटलं. प्लास्टिक अगदी पृष्ठभागाला चिकटवून झाकलं, नाहीतर वर पापुद्रा धरतो आणि तो मळताना विरघळत नाही. फ्रिजमध्ये रात्रभर. या वेळात ओलावा आतपर्यंत सारखा पोचतो, आणि शिजलेल्या स्टार्चमधून पिठातली एन्झाइमं थोडी माल्टोज साखर सोडवतात. उकडीच्या पावाला साखरेपलीकडची जी मंद गोडी असते, तिच्यात याचा वाटा आहे.

१५ जानेवारी

पहिला पाव. उकड तासभर आधी बाहेर काढून ठेवली होती. खोली २२ अंश, मैदा २२, दूध २५.

उकडीचे बोटांनी लहान लहान तुकडे करून दुधात सोडले, मग मैदा, साखर, यीस्ट, मीठ. बटर अजून नाही. कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत एकत्र करून २० मिनिटं झाकून ठेवलं. ही वीस मिनिटं मळण्याचं निम्मं काम करतात. मैद्यातली ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही प्रथिनं ओली झाली की आपोआप एकमेकांत गुंतायला लागतात. ती गुंतायच्या आत चरबी घातली तर तिचा थर मध्ये येतो आणि मळायला कितीतरी जास्त वेळ लागतो.

नंतर हाताने मळलं: ओट्यावर आपटायचं, ओढायचं, घडी घालायची. पीठ सुरुवातीला हाताला चिकटतं, तरी वरून मैदा भुरभुरायचा नाही. दहा-बारा मिनिटांत चिकटपणा ओसरला. मग मऊ बटर दोन भागांत. बटर घातल्यावर गोळा फाटतो, घसरतो, सगळं बिघडलं असं वाटतं. दोन-तीन मिनिटं धीराने दाबत राहिलं की तो पुन्हा एकजीव होतो. त्यानंतर आणखी दहा मिनिटं. शेवटी चिमूटभर पीठ दोन्ही हातांच्या बोटांवर ताणून उजेडासमोर धरलं. पडदा इतका पातळ झाला की मागचं बोट दिसत होतं, आणि भोक पाडलं तर त्याची कड गुळगुळीत निघाली. कड दातेरी निघाली तर अजून मळायचं असतं. जपानी पाककृतींत तयार गोळा कानाच्या पाळीइतका मऊ असावा असं सांगतात. हात लावून पाहिल्यावर हे माप मला कुठल्याही आकड्याइतकंच भरवशाचं वाटलं.

गोळ्याचं तापमान २७. हवं होतं तेच.

पहिलं फुगणं २८ अंशांत ७० मिनिटं, आकार दुपटीहून थोडा जास्त. मैद्यात बुडवलेलं बोट मध्ये खुपसलं तर खळगा तसाच राहिला. तीन समान भाग, प्रत्येकी १४१ ग्रॅम, गोल करून २० मिनिटं झाकून. आकार देताना लाटण्याने हवा पूर्ण काढली. कडेचे बुडबुडे हाताने फोडले, पत्रासारखी तीनपदरी घडी, पुन्हा लांबट लाटून गुंडाळी. तिन्ही गुंडाळ्या एकाच दिशेने, जोड खाली.

दुसरं फुगणं बंद ओव्हनमध्ये, शेजारी गरम पाण्याचं भांडं ठेवून. साधारण ३५ अंश. गोळा साच्याच्या उंचीच्या ८० टक्क्यांवर आला तेव्हा झाकण सरकवलं. १९५ अंशांवर ३२ मिनिटं. काढताना मध्यभागाचं तापमान ९५. साचा बाहेर काढल्याबरोबर १५ सेंटिमीटरवरून ओट्यावर सपाट आपटला आणि लगेच पाव तारेच्या जाळीवर काढला. आपटण्याबद्दल पुढे वेगळी नोंद करायची आहे.

दोन तास गार होऊ दिला. आत अजून वाफ असताना सुरी फिरवली तर जाळी दबते आणि सुरीला गोळा धरतो.

काप सुरेख. जाळी बारीक, वरच्या बाजूला किंचित उभी. ओढल्यावर पदर लांब सुटतात.

१७ जानेवारी

तिसरा दिवस. पाव कापडात नाही, बंद पिशवीत खोलीच्या तापमानाला ठेवला होता. बोटाने दाबलं तर परत वर येतो, भुगा पडत नाही. साल मात्र आता मऊ चामड्यासारखी झाली आहे. आतला ओलावा बाहेर सरकतो, त्याला इलाज नाही आणि या पावात ती तशीच आवडते.

'मऊ' हा शब्द नोंदीला पुरत नाही. म्हणून एक साधं माप ठरवलं: २ सेंटिमीटर जाडीच्या कापाच्या मध्यातून ५ बाय ५ सेंटिमीटरचा तुकडा, त्यावर सपाट तळाचं अर्धा किलोचं वजन, १० सेकंद, आणि मग उरलेली जाडी. हे काही प्रयोगशाळेचं माप नाही, पण स्वतःच्याच पावांची एकमेकांशी तुलना करायला चालेल. आजचा तुकडा २० मिलिमीटरवरून १२ वर आला.

२४ जानेवारी

तिन्ही पाव एकाच दिवशी. या नोंदवहीतला सर्वांत महत्त्वाचा दिवस हाच.

मैदा, पाणी, दूध, साखर, सगळं तिन्हींत ग्रॅमला ग्रॅम सारखं. फरक इतकाच की एकात काहीच शिजवायचं नाही, दुसऱ्यात खळ आणि तिसऱ्यात उकड. एकूण ओलं १६२ ग्रॅम: ४५ पाणी, ११७ दूध.

खळ म्हणजे तांगझोंग. एक भाग मैद्याला पाच भाग पाणी घेऊन ती चुलीवर ६५ अंशांपर्यंत शिजवतात. तैवानच्या इव्हॉन चेन यांच्या २००७ च्या पुस्तकानंतर ही पद्धत घरोघरी पसरली. मी १५ ग्रॅम मैद्यात ४५ पाणी आणि ३० दूध घेतलं. मंद आचेवर सतत ढवळत राहिल्यावर ६० च्या पुढे मिश्रण एकाएकी दाटलं आणि चमच्याच्या मागे भांड्याच्या तळावर रेघ उमटू लागली. तिथेच उतरवायचं. वाफेत गेलेलं पाणी मोजून परत घातलं, नाहीतर ही तुलना तुलनाच राहत नाही.

मळतानाच तिघांचे स्वभाव वेगळे झाले. साधा गोळा तितक्याच ओलाव्यात बराच चिकट आणि पसरट. खळीचा गुळगुळीत, सर्वांत लवकर पडदा धरणारा. उकडीचा घट्ट आणि थोडा हट्टी, सुरुवातीला त्यात उकडीच्या गुठळ्या हाताला लागत राहिल्या, त्या पुरत्या मोडायला बारा मिनिटं गेली. ओलावा एकच, तरी एक गोळा चिकट आणि एक घट्ट, कारण दुसऱ्यातलं पाणी स्टार्चने धरून ठेवलेलं आहे, मोकळं नाही. या पावात पाणी भरपूर असूनही तो हाताळता येतो याचं कारण हे.

फुगण्यात साधा पाव सर्वांत उंच गेला. उकडीचा सर्वांत मागे. मैद्याचा पाचवा हिस्सा शिजवून टाकला की त्यातली प्रथिनं गरमपणाने बिघडतात, ती ग्लुटेनच्या जाळ्यात सामील होत नाहीत. खळीत फक्त १५ ग्रॅम मैदा शिजतो, म्हणून तिथे हे नुकसान जाणवत नाही.

संध्याकाळी चव घेतली. साधा: हलका, फुगीर, छान. खळीचा: रेशमी, धागे सर्वांत लांब. उकडीचा: चावायला थोडा भरीव, जिभेवर किंचित ओलसर आणि गोडसर. जपानीत या पोताला 'मोची मोची' म्हणतात. आजच्या आज खाऊन संपवायचा तर मी खळीचा घेईन.

२६ जानेवारी

तिसऱ्या दिवशीची मापं. साधा तुकडा २० वरून १६, खळीचा १३, उकडीचा १२.

साधा पाव बोटाखाली कडक नाही, पण कोरडा लागतो आणि कापताना भुगा पडतो. दोन दिवसांपूर्वी तोच सर्वांत फुगीर होता. पाव शिळा होतो तो केवळ सुकल्यामुळे नाही. बंद पिशवीत पाणी जवळजवळ जसंच्या तसं असतं. भाजताना फुगलेल्या स्टार्चमधले अमायलोपेक्टिनचे रेणू गार झाल्यावर हळूहळू पुन्हा एका रांगेत जुळून स्फटिक व्हायला लागतात, आणि जाळी ताठरते. जाळीत पाणी जास्त असेल आणि ते स्टार्चने आधीच नीट धरलेलं असेल, तर हा ताठरपणा उशिरा जाणवतो. मोठ्या जपानी बेकऱ्यांनीही हेच हेरलं. शिकिशिमा कंपनीचा 'चोजुकु' हा पाव १९९८ मध्ये बाजारात आला तो उकडीच्याच पद्धतीवर.

पुढचे सगळे पाव उकडीवरच करायचे. दीड मिलिमीटर कमी फुगला तर चालेल.

३१ जानेवारी

दुधाचं काम नेमकं काय, ते पाहायला आज दुधाऐवजी पाणी घेतलं. दुधात १२-१३ टक्के घन भाग असतो, म्हणून ११७ ग्रॅम दुधाच्या जागी १०२ ग्रॅम पाणी. बाकी काही बदललं नाही.

साल फिकी निघाली, अगदी लगेच डोळ्यांत भरण्याइतकी. दुधातली लॅक्टोज साखर पावाच्या यीस्टला पचत नाही. ती पिठात शिल्लक राहते आणि ओव्हनमध्ये प्रथिनांबरोबर तपकिरी रंग आणि तो खरपूस गोड वास देते. पाण्याच्या पावात तो वास नव्हता. चवही सपाट.

२ फेब्रुवारी

पाण्याच्या त्याच पावाचं तिसऱ्या दिवशीचं माप: २० वरून १३. दुधाच्या पावापेक्षा फक्त एक मिलिमीटर मागे.

हे वाचून मी बराच वेळ नोंदवही उघडी ठेवून बसलो. या पावाला सगळे दुधाचा पाव म्हणतात आणि मऊपणाचं श्रेय दुधाला देतात. दूध हवंच, रंग, वास आणि गोडी त्याचीच. बटरही साल कोवळी ठेवतं, शिळेपणा थोडा लांबवतं. पण तिसऱ्या दिवसापर्यंत टिकणारा मऊपणा मुख्यतः त्या ४५ ग्रॅम मैद्यावर ओतलेल्या उकळत्या पाण्यातून येतो. ज्याच्याकडे दूध नाही किंवा ज्याला ते चालत नाही, त्याला हा पाव अजिबात बंद नाही.

७ फेब्रुवारी

दूध उकळून गार करून वापरायचं की तसंच, यावर जुन्या पाककृती ठाम आहेत: उकळा. व्हेमधली, म्हणजे दुधाच्या निवळीतली, काही प्रथिनं ग्लुटेनला सैल करतात, आणि पाश्चरायझेशनचे ७२ अंशांवरचे १५ सेकंद त्यांना पुरते निकामी करत नाहीत. ८५ च्या पुढे काही मिनिटं तापवलं की ती बिघडतात. दोन्ही करून पाहिले. उकळलेल्या दुधाचा पाव अर्ध्या सेंटिमीटरने उंच. झाकणाच्या साच्यात हा फरक झाकणाखाली लपतो. वेळ असेल तर मी उकळतो, नसेल तर नाही. उकळलं तर वजन पुन्हा करायला विसरू नये.

११ फेब्रुवारी

आज झाकण न लावता. गोळा साच्याच्या कडेवर एक सेंटिमीटर येऊ दिला, वर दुधाचा हात फिरवला, १८५ अंशांवर ३० मिनिटं. वरचा भाग विसाव्या मिनिटालाच पुरेसा रंगला, तेव्हा फॉइल टाकली. तीन गुंडाळ्यांचे तीन उंचवटे. जपानमध्ये याला 'यामा', म्हणजे डोंगर म्हणतात, आणि झाकणाच्या चौकोनी पावाला 'काकु'.

डोंगराचा पाव वंशाने जुना. योकोहामा बंदर १८५९ मध्ये परदेशी व्यापाराला खुलं झालं, तिथल्या परदेशी वस्तीत रॉबर्ट क्लार्क या इंग्रजाची बेकरी होती. तिथे काम शिकलेल्या उचिकी हिकोतारो यांनी १८८८ मध्ये स्वतःची बेकरी काढली. ती आजही चालू आहे आणि तिचा उघड्या साच्यातला पाव अजून 'इंग्लंड' याच नावाने विकला जातो. म्हणजे इंग्रजी कडक सालीचा पाव तिथे गेला आणि पिढ्यान्‌पिढ्या मऊ होत गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर शाळेच्या जेवणात पाव आणि दुधाची पावडर आली, मुलांच्या जिभेवर पावाची चव बसली. हे सगळं वाचून मग उकडीकडे पाहिलं की ती वेगळीच वाटते: पाहुण्या पावाला घरातल्या भाताच्या पोताजवळ आणण्याची ती युक्ती आहे, असं माझं मत.

चवीत डोंगराचा पाव मोकळा आणि शेकायला उत्तम. नुसता खायला चौकोनीच.

१५ फेब्रुवारी

कोपऱ्यांचा अभ्यास. झाकणाच्या पावाला साच्यात किती फुगू द्यायचं हे कोपरे सांगतात. तीन वेगवेगळ्या उंचींवर झाकण लावून पाहिलं.

७० टक्क्यांवर: वरचे कोपरे गोल, मध्ये झाकणाला नीट टेकलेलाही नाही. ८० वर: वरच्या कडांना थोडी गोलाई आणि तिच्यावरून फिरत जाणारी बारीक पांढरी रेघ. ९० वर: धारदार, काटकोनी कोपरे. दिसायला हाच सर्वांत रुबाबदार, पण कापला तेव्हा कडेलगतची जाळी दाबून घट्ट झालेली आणि साल जाड. जपानी बेकर त्या पांढऱ्या रेघेला मान देतात ते बरोबर आहे. ती रेघ म्हणजे गोळा झाकणापर्यंत पोचला, पण त्याला दाबलं गेलं नाही, याची खूण.

शेवटच्या दहा मिनिटांत गोळा फार वेगाने चढतो. ७० ला ओव्हन तापवायला लावायचा, म्हणजे ८० ला तो तयार असतो.

२१ फेब्रुवारी

आपटण्याची कसोटी. दोन सारखे पाव, एक ओव्हनमधून काढताच साच्यासकट आपटला, दुसरा अलगद काढून ठेवला.

आपटलेला सरळ उभा राहिला. दुसऱ्याच्या दोन्ही बाजू पंधरा-वीस मिनिटांत आत ओढल्या गेल्या. बेकर याला 'केव्हिंग' म्हणतात. कारण सरळ आहे: गरम पावाच्या बुडबुड्यांत वाफ असते, गार होताना ती आकसते आणि मऊ, पातळ भिंती तिच्याबरोबर आत येतात. आपटल्याने बरेचसे बुडबुडे फुटून एकमेकांना जोडले जातात, आत बाहेरची हवा शिरते, म्हणून पोकळी तयार होत नाही. हे काम पहिल्या काही सेकंदांतच व्हायला हवं. आणि आपटून झाल्यावर पाव साच्यात ठेवायचा नाही, आतली वाफ सालीवरच पाणी होऊन बसते.

मध्यभाग ९५ अंशांना न पोचलेला पाव आपटला तरी बसतो. थर्मामीटर नसेल तर रंगापेक्षा वेळेवर भरवसा ठेवावा, झाकणामुळे रंग दिसतच नाही.

१ मार्च

खोली आता २९ अंश, मैदा २८. जुन्याच दुधाने गोळा ३० च्या पुढे जाईल, यीस्ट धावेल आणि चव आंबूस होईल. गणित असं: हवं असलेलं तापमान गुणिले ३, त्यातून खोली, मैदा आणि मळण्याची उष्णता वजा. मळण्याची उष्णता मी १५ जानेवारीच्या आकड्यांवरून काढली: ८१ वजा २२, २२, २५, उरले १२. ती प्रत्येकाच्या हाताची किंवा मशीनची वेगळी असते, एकदा काढून ठेवावी. आज ८१ वजा २९, २८, १२ म्हणजे दूध १२ अंशांवर हवं. फ्रिजमधलं दूध थोडा वेळ बाहेर ठेवून १२ ला घेतलं. गोळा २७.५ वर थांबला.

पहिलं फुगणं ५० मिनिटांत झालं. घड्याळाकडे नाही, गोळ्याकडे पाहायचं.

८ मार्च

किती जाड कापायचा हाही प्रश्न आहे. साचा १२ सेंटिमीटर लांब, तेव्हा सहा काप केले तर २ सेंटिमीटरचा एक, चार केले तर ३ चा. जपानमध्ये याच आकड्यांनी पाव विकतात. तोक्योकडे सहा आणि आठ कापांचे, ओसाकाकडे चार आणि पाचचे जास्त खपतात. आठांचा काप सँडविचला बरा. पण या पावाची खरी गंमत चारांच्या कापात आहे. शेकल्यावर बाहेर करकरीत आणि आत दोन सेंटिमीटर मऊ, हे पातळ कापात होऊच शकत नाही. कापायला लांब, दातेरी सुरी, आणि दाबायची नाही, मागेपुढे ओढायची.

१४ मार्च

साठवणीचं शेवटचं काम. एकाच पावाचे काप तीन ठिकाणी: खोलीत, फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये.

फ्रिजमधला दुसऱ्याच दिवशी खोलीतल्या तिसऱ्या दिवसापेक्षा कडक: २० वरून १५. अमायलोपेक्टिन पुन्हा जुळण्याचा वेग शून्याच्या थोडं वर, म्हणजे नेमका फ्रिजच्या तापमानाला, सर्वांत जास्त असतो. पाव टिकावा म्हणून तो फ्रिजमध्ये ठेवणं आणि त्याचं मऊपण घालवणं एकच. उणे १८ ला ही क्रिया जवळजवळ थांबते. म्हणून गार झाल्याच्या दिवशीच कापून, एकेक काप प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये.

तो गोठलेला काप आधी खोलीत वितळवायचा नाही. सरळ गरम टोस्टरमध्ये. ६० अंशांच्या पुढे ते जुळलेले स्फटिक पुन्हा मोडतात आणि काप ताज्यासारखा होतो. आज गोठवलेला चारांचा काप टोस्टरमधून काढून मधोमध फाडला: धागे लांब सुटले, वाफ आली, जाळी ओलसर. शेजारी फ्रिजमधला कापही तसाच शेकून ठेवला होता. तोही मऊ झाला, पण पाच मिनिटांत पुन्हा ताठरला. फ्रीझरमधला पूर्ण गार होईपर्यंत मऊ होता.